वाए रेबो : पायवाटेच्या टोकाचे गाव

इंडोनेशियाच्या पूर्व भागातील फ्लोरेस बेटावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंचीवर, चहूबाजूंनी जंगलाने वेढलेल्या डोंगरांच्या मधोमध वाए रेबो ही वस्ती आहे. बेटाच्या पश्चिम भागात राहणाऱ्या मांगराय लोकांच्या भाषेत ‘वाए’ म्हणजे पाणी, आणि डोंगरातून उतरणाऱ्या कितीतरी ओढ्यांच्या व गावांच्या नावांना हाच शब्द लागलेला दिसतो. देंगे या खालच्या गावापाशी मोटारीचा रस्ता संपतो. पुढे थोडे अंतर मोटारसायकल जाते, आणि त्यानंतर दोन-तीन तासांची पायी चढण उरते. तांदूळ, मीठ, तेल, सिमेंट असे खालून जे काही गावात यायचे ते याच वाटेने माणसाच्या खांद्यावरून येते, आणि गावात पिकलेली कॉफीही त्याच खांद्यावरून खाली उतरते. शेतीच्या उत्पन्नाचा कोणताही हिशेब मांडताना या वाहतुकीची वजाबाकी आधी करावी लागते.

वाए रेबोची ख्याती आहे ती तेथील सात घरांमुळे. ‘म्बारू नियांग’ म्हणजे शंकूच्या आकाराचे घर; गवत आणि ताडवर्गीय झाडाचा काळा काथ्या यांनी शाकारलेले त्याचे छप्पर शिखरापासून जवळजवळ जमिनीपर्यंत उतरते, त्यामुळे वेगळी भिंत अशी दिसतच नाही. लाकडाचे सांधे खिळ्यांऐवजी वेताने बांधलेले असतात. आतील पाच मजल्यांपैकी सर्वांत खालच्या मजल्यावर माणसे राहतात, त्यावरच्या माळ्यावर नेहमीच्या वापराचे धान्य व सामान असते, तिसऱ्यावर पुढच्या पेरणीचे बियाणे, चौथ्यावर पीक बुडाले तर उपयोगी पडावा असा राखीव साठा, आणि शिखरालगतच्या पाचव्या मजल्यावर पूर्वजांचा नैवेद्य ठेवतात. घराच्या मध्यभागी चुली पेटतात आणि त्यांचा धूर वर चढत जातो. त्यामुळे बियाण्याला कीड लागत नाही आणि छपराचे गवतही टिकते. थोडक्यात, ही इमारत जितकी राहण्याची तितकीच कोठाराची आहे, आणि तिचे छायाचित्र घेणाऱ्यांच्या नजरेतून बहुधा हेच निसटते. सातांपैकी सर्वांत मोठ्या घरात गावाचे पवित्र ढोल टांगलेले असतात, म्हणून त्याला ‘गेंदांग’ म्हणजे ढोलाचे घर म्हणतात. तेथे गावातील मूळ वंशशाखांचे प्रतिनिधी असलेली आठ कुटुंबे एकत्र राहतात. त्यासमोरच्या अंगणात ‘चोंपांग’ नावाचा दगडांचा गोल पार असून तो पूजेचे स्थान मानला जातो.

मांगराय समाजात ढोलाचे घर आणि शेतजमीन या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत. सामाईक जमिनीला ‘लिंगको’ म्हणतात; तिच्या मध्यभागी एक खुंट रोवून त्यापासून बाहेरच्या गोल सीमेपर्यंत आरे काढले जातात आणि दोन आऱ्यांमधला पाचरीसारखा तुकडा एकेका कुटुंबाच्या वाट्याला येतो. वाट्याची रुंदी केंद्रापाशी बोटांनी मोजली जाते, आणि ही वाटणी ‘तुआ तेनो’ या पदावरचा वडीलधारा माणूस करतो. रुतेंग शहराच्या पश्चिमेला चांचार येथे या पद्धतीची भातशेती टेकडीवरून पाहिली की कोळ्याने जाळे विणल्यासारखी दिसते. वाए रेबोच्या गार, ढगाळ उंचीवर मात्र भाताचा निभाव लागत नाही. येथे कंद आणि भाजीपाला घरापुरता पिकतो, रोकड मिळते ती कॉफीतून, आणि मुख्य अन्न असलेला तांदूळ खालून विकत किंवा नातलगांच्या शेतांतून आणावा लागतो.

इंडोनेशिया हा जगातील अग्रगण्य कॉफी उत्पादक देशांपैकी एक असला तरी तेथील कॉफीचा फार मोठा हिस्सा मळ्यांतून नव्हे, तर एक-दोन हेक्टरच्या लहान शेतकऱ्यांकडून येतो. वाए रेबोतही जंगलाच्या सावलीत वाढलेल्या कॉफीच्या झाडांची फळे साधारण वर्षाच्या मध्यावर, कोरड्या महिन्यांत, हाताने तोडली जातात, साल काढून बिया अंगणात चटयांवर वाळवल्या जातात आणि लाकडी उखळात कांडून पाखडल्या जातात. या कामाचा मोठा भाग स्त्रियांकडे असतो, आणि त्याच स्त्रिया मधल्या वेळात मागावर कापड विणतात. दुपारनंतर ढग खाली उतरतात, त्यामुळे वाळवण रोज उचलून आत न्यावे लागते. अशा कष्टाचा माल कच्च्या बियांच्या रूपात व्यापाऱ्याला विकला तर दर दूरच्या बाजारपेठेवर ठरतो; तोच भाजून, दळून गावातल्या पाहुण्याला विकला तर किंमत शेतकरी स्वतः सांगू शकतो. पर्यटनाचा वाए रेबोला झालेला खरा लाभ मुक्कामाच्या शुल्काइतकाच या फरकात शोधला पाहिजे.

हे पर्यटन आले ते घरे जवळजवळ संपल्यानंतर. 2008 मध्ये योरी अंतार हे इंडोनेशियन वास्तुविशारद सहकाऱ्यांसह येथे पोहोचले, तेव्हा सातांपैकी चारच घरे उभी होती आणि त्यांतलीही काही मोडकळीला आलेली होती. पुढील काही वर्षांत देणगीदारांच्या मदतीने, पण गावातल्याच सुतारांच्या हातून, सातही घरे पुन्हा उभी राहिली. एक जुने घर उकलून, त्याचा सांधा न् सांधा समजून घेत तरुणांनी वडीलधाऱ्यांकडून हे ज्ञान घेतले. 2012 मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा-संवर्धन पुरस्कारांतील सर्वोच्च श्रेणी या कामाला मिळाली. त्यानंतर पाहुण्यांची रीघ लागली. प्रत्येक पाहुण्याने प्रथम ढोलाच्या घरात जाऊन पूर्वजांच्या साक्षीने स्वागतविधी स्वीकारायचा आणि मगच गावात फिरायचे, हा नियम गावाने तेव्हाही सोडला नाही. मुक्कामाची सोयही म्बारू नियांगमध्येच केली जाते.

गावाची सर्वांत अवघड गाठ शाळेची आहे. मुलांच्या शिक्षणासाठी बरीच कुटुंबे खालच्या कोंबो या जोडवस्तीत राहतात, त्यामुळे वाए रेबो हे प्रत्यक्षात दोन ठिकाणी विभागलेले एकच गाव झाले आहे : वर कॉफी, पूर्वज आणि पाहुणे; खाली शाळा, भातशेती आणि रस्ता. शिकलेली मुले पुढे रुतेंगकडे किंवा विमानतळ व कोमोदो राष्ट्रीय उद्यानामुळे झपाट्याने वाढलेल्या लाबुआन बाजो या बंदराच्या गावाकडे वळतात, आणि कॉफीच्या तोडणीला हात कमी पडतात. शासनाने 2014 च्या ग्रामकायद्यानुसार देशातील प्रत्येक ‘देसा’ला (संस्कृत ‘देश’ वरून आलेल्या या शब्दाचा तेथे अर्थ ग्रामपंचायतीचे गाव असा होतो) थेट निधी देण्यास सुरुवात केली. पण वाए रेबो स्वतः देसा नसून सातार लेंदा या देसातील एक वाडी आहे, तेव्हा जगभर नाव असले तरी निधीच्या वाटपात तिला इतर वाड्यांच्या रांगेतच उभे राहावे लागते.

रस्ता थेट वर न्यावा का, हा प्रश्न अशा गावाबाबत निघणारच. रस्ता झाला तर आजारी माणसाला झोळीतून उतरवावे लागणार नाही आणि तांदळाचे ओझे हलके होईल. पण ज्या दुर्गमतेसाठी पाहुणा पैसे मोजतो ती दुर्गमताही त्या रस्त्याने निघून जाईल. बाहेरच्या रसिकाने पायवाटेचे गोडवे गाणे सोपे आहे, कारण पन्नास किलोचे पोते त्याच्या खांद्यावर नसते. निर्णय ओझे वाहणाऱ्यांनीच घ्यावा हे योग्य, फक्त त्यांतल्या कोणाचे मत धरायचे, वर राहणाऱ्यांचे की कोंबोत राहणाऱ्यांचे, हे सोपे नाही.

नोव्हेंबरमध्ये, पावसाळी पेरणीच्या तोंडावर, ‘पेंती’ हा सण येतो. सरत्या वर्षाच्या पिकाबद्दल पूर्वजांचे आभार मानून नवे वर्ष सुरू करण्याचा हा विधी असून त्यासाठी कोंबोतली आणि शहरांतली माणसे वर येतात, ढोल वाजतात आणि सातही घरे भरतात. छपराचे गवत काही वर्षांनी कुजते आणि बदलावे लागते. एका घरासाठी लागणारे गवत कापणे, वाहणे, बांधणे हे काम वर उरलेल्या मोजक्या कुटुंबांच्या आवाक्यातले नाही, त्यासाठी याच माणसांना पुन्हा बोलवावे लागते.