खाल्लेलं अंगी का लागत नाही?

बाळदुखणी : भाग ६

गेल्या आठवड्यात खोकल्याबद्दल लिहिलं. आजचा आजार असा, की त्यात खोकल्याची वाट पाहत बसलं तर उशीर होतो.

डिचोलीच्या खाणपट्ट्यातली आई मुलाचा खोकला ट्रकच्या धुळीवर टाकते, पेडण्यातली पावसाळी हवेवर. त्यांचं अगदीच चूक नाही. पण धुळीनं वजन थांबत नाही. अंगणवाडीत झोळीच्या काट्याला पोर लोंबकळतं, भोकाड पसरतं, ताई आकडा वाचते: नऊ किलो चारशे. मागच्या महिन्यात तेवढंच, त्याआधीही तेवढंच. आई म्हणते, "जेवतो हो, पण खाल्लेलं अंगी लागत नाही." मग दृष्ट काढली जाते, टॉनिकची बाटली येते. दोन आठवड्यांहून जास्त ताप किंवा खोकला, तीन महिने न हललेलं वजन, मानेत न दुखणारी गाठ, यातलं काहीही दिसलं तर क्षयाची शंका घ्यायला हवी.

मानेतल्या त्या गाठींना जुनी माणसं गंडमाळ म्हणत. आता डॉक्टर आईला "प्रायमरी कॉम्प्लेक्स" सांगतात, तिला धक्का बसू नये म्हणून. मला हा शब्द आवडत नाही. आजाराचं नावच ठाऊक नसेल, तर दोन महिन्यांत पोर हुंदडू लागल्यावर उरलेले चार महिने ती औषध का देत राहील? त्यात रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधानं लघवी केशरी होते. आधी सांगितलं नसेल तर घाबरून औषध त्याच दिवशी बंद.

"पण लस टोचलीय की!" म्हणत आई बाळाच्या डाव्या दंडावरचा वण दाखवते. बीसीजी १९२१ पासून वापरात आहे. लहानग्यांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून ती चांगलं वाचवते, फुप्फुसाच्या क्षयापासून मात्र तशी हमी देत नाही.

तपासणीचीही गंमत आहे. लहान मूल बेडका थुंकत नाही, गिळतं. म्हणून सकाळी अनशापोटी नाकातून बारीक नळी घालून पोटातला द्राव काढतात. "खोकला छातीत आणि नळी पोटात?" असं आई विचारते, आणि तिचा प्रश्न रास्तच आहे. पुढे तो द्राव क्षयाचे जंतू शोधणाऱ्या यंत्रात जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मान्यता दिलेलं असंच एक यंत्र, ट्रूनॅट, आपल्या वेर्ण्यात बनतं, हे गोव्यातल्याच कितीजणांना माहीत असेल?

लहान मुलाकडून क्षय सहसा पसरत नाही. त्याला तो मोठ्यांकडून लागतो, बहुतेकदा घरातल्याच. म्हणून खरा प्रश्न असा, की घरात खोकतंय कोण? सोप्यावर बसणारे आजोबा? मुंबईहून आलेला काका? आणि इथं गाडं अडतं. सासऱ्यांना "थुंकी तपासून घ्या" म्हणणं सुनेला सोपं नसतं. तिला कळत नाही असं नाही, तिचं ऐकायला कोणी नसतं. माहितीपत्रकं मात्र आईच्याच हातात पडतात. ती आधी सासऱ्यांना द्यावीत.

मोठ्या माणसाचा क्षय पक्का झाला, की घरातल्या पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला तपासतात आणि आजार नसेल तर प्रतिबंधक औषध देतात. बहुधा आयसोनियाझिड, सहा महिने, सरकारी केंद्रात फुकट. "धड पोराला गोळ्या कशाला?" हा प्रश्न तेव्हा हमखास येतो. त्यावर मी सरळ सांगतो: जंतू शिरले असले तरी ते आत झोपून राहू शकतात, आणि तान्ह्या बाळात ते मोठ्यांपेक्षा फार लवकर जागे होतात.

पुढच्या भागात: अंगावर पाजणाऱ्या आईलाच क्षय झाला तर?