छिद्रात अडकलेला डाख

जुन्या रेडिओच्या सर्किट बोर्डावरून बिघडलेला कपॅसिटर तुम्ही काढलात, पण त्याचे छिद्र डाखाने बुजलेलेच राहिले. आता सुई खुपसण्याचा मोह होतो. थांबा! छिद्राभोवतीची तांब्याची चकती बोर्डाला नुसती चिकटवलेली असते. तापल्यावर ती पकड सैल होते आणि जोर लावताच चकती उखडते. माझ्या हातून अशा कितीतरी गेल्या आहेत.

गंमत अशी, की हा डाख काढण्यासाठी आधी थोडा नवा डाख घालायचा! सोल्डरिंग आयर्नचे टोक जुन्या डाखाला एखाद्या बिंदूतच टेकते. शिवाय मध्ये ऑक्साइडचा थर. नव्या डाखातली राळ तो थर दूर करते, वितळलेला डाख पसरून संपर्काचे क्षेत्रफळ वाढवतो आणि उष्णता झटकन आत शिरते. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेला डाख १८३ अंश सेल्सियसला वितळतो. तो चकाकताच दुसऱ्या बाजूने दात कोरायची लाकडी काडी हलकेच सारा. लाकडाला डाख धरत नाही. आयर्न उचला, डाख थिजला की काडी फिरवून ओढा. तीन-चार सेकंदांत साधले नाही, तर बोर्ड निवू द्या.

अर्थच्या रुंद पट्टीला जोडलेले छिद्र मात्र हट्टी असते, कारण ती पट्टीच उष्णता पळवते. तेथे आयर्नला जाड टोक लावा. आणि हो, शिसे विषारी आहे. काम संपताच हात धुवा.