बालकांचे मानसिक आरोग्य : उपचाराची पहिली पायरी गावातच

शाळेच्या हजेरीपटावर एखाद्या मुलाच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. आठ वर्षांची मुलगी पुन्हा अंथरूण ओले करू लागते. एरवी हसतखेळत असणारा मुलगा कोणाशी बोलेनासा होतो. अशा मुलांना गावात निरनिराळी नावे मिळतात. कोणी त्यांना हट्टी म्हणते, कोणी आळशी, तर कोणी ‘याला बाहेरचे झाले आहे’ असे सांगून मोकळे होते. नाव चुकीचे पडले की उपायही चुकीचा होतो आणि ज्या मुलाला मदतीची गरज असते, त्याच्या वाट्याला शिक्षा येते.

ताप मोजता येतो, मनाचे दुखणे मोजता येत नाही. म्हणून ते नसतेच, असा समज अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळतो. २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे ७.३ टक्के जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसून आले. या पाहणीसाठी निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तथापि हेच प्रमाण धरले, तर चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात अशी सुमारे तीन मुले बसलेली असतात. ती कोणती हे वेळीच ओळखणे, हा या कार्याचा आरंभ होय.

खोडी कोणती, दुखणे कोणते?

प्रत्येक हट्ट म्हणजे आजार नव्हे. लहान मुले रुसतात, भितात, अभ्यास टाळतात. हे वाढीचेच भाग आहेत. मात्र तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. मुलाच्या पूर्वीच्या वागण्यात स्पष्ट बदल झाला आहे काय? तो बदल काही आठवडे टिकून आहे काय? आणि त्यामुळे त्याची झोप, जेवण, खेळ किंवा शिक्षण यांत अडथळा येत आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर मुलाला तपासणीसाठी नेणे इष्ट ठरते.

काही अडचणी याहून लवकर, अंगणवाडीच्या वयातच दिसतात. मूल हाकेला वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही किंवा बोलू लागण्याचे वय उलटूनही बोलत नाही, अशा वेळी ‘मोठेपणी सुधारेल’ म्हणून थांबणे हिताचे नसते. श्रवणदोष, बौद्धिक दिव्यांगत्व व स्वमग्नता यांत मदत जितकी लवकर मिळेल, तितका तिचा उपयोग अधिक होतो. तोंडी उत्तरे अचूक देणारे परंतु लेखन-वाचनात सतत अडखळणारे मूल आळशी नसून त्यास अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले आहे.

रुग्णालयाकडून गावाकडे

भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र १९३७ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयात सुरू झाले. हेच विद्यालय पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपास आले. तरीही त्यानंतर दीर्घकाळ मानसिक आजार म्हणजे मनोरुग्णालय, हेच समीकरण जनमानसात रूढ राहिले. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये बहुसंख्य खेड्यांपासून दूर होती आणि ‘वेड्यांचे इस्पितळ’ या शब्दाची भीती तर अंतराहूनही मोठी होती.

१९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारण्यात आला, तेव्हा ही सेवा प्राथमिक आरोग्य सेवेशी जोडण्याचे धोरण ठरले. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने बळ्ळारी जिल्ह्यात त्याचा प्रयोग केला. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर व कर्मचारी यांना प्रशिक्षण दिल्यास पुष्कळ रुग्णांवर गावाजवळच उपचार होऊ शकतात, हे तेथे दिसून आले. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमास प्रारंभ झाला. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता व परिचारिका यांचे पथक जिल्हा पातळीवर काम करते, अशी या कार्यक्रमाची रचना आहे.

बालकांच्या दृष्टीने पुढचा टप्पा फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे गाठला गेला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ तेथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हे त्याचे कार्य असून फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा जातात. जन्मजात व्यंगे, जीवनसत्त्वांचा अभाव व आजार यांबरोबरच विकासातील विलंबही त्यांनी पाहावयाचा असतो. आवश्यकता भासल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते.

उपचार कुटुंबाचाही

मूल हे घराचा आरसा असते. वडिलांचे व्यसन, कर्जाची विवंचना, घरातील मृत्यू, ऊसतोडीसाठी दर वर्षी होणारे स्थलांतर, बाळंतपणानंतर आईला आलेली उदासीनता यांचे पडसाद मुलाच्या वागण्यात उमटतात. अशा वेळी केवळ मुलाला औषध देऊन भागत नाही. आईवडिलांशी बोलणे, त्यांना दोष न देता समजून घेणे व घरातील दिनक्रम सावरण्यास साहाय्य करणे हा उपचाराचाच भाग होय.

कायद्यानेही हे तत्त्व मान्य केले आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्यानुसार अल्पवयीन मुलाला दाखल करावेच लागले, तर प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवणे व पालकाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने संपूर्ण काळ सोबत राहणे आवश्यक आहे. उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील बालकाला सर्वसाधारणपणे वेगळे करता येत नाही.

याच अधिनियमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती, असे गृहीत धरले जाते व विरुद्ध सिद्ध झाल्याखेरीज तिला शिक्षा होत नाही. पोलिसांच्या भीतीने अशी घटना लपविण्याचे कारण त्यामुळे उरलेले नाही. मरणाची भाषा बोलणाऱ्या मुलाचे बोलणे थट्टेवारी नेऊ नये. त्याला शांतपणे विचारावे, एकटे सोडू नये आणि घरातील कीटकनाशके व औषधे कुलपात ठेवावीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

शिक्षक व पंचायत यांचे कार्य

शिक्षकाने रोगनिदान करावयाचे नसते. त्याने पाहावयाचे, नोंदवावयाचे आणि पालकांना एकांतात विश्वासात घेऊन सांगावयाचे असते. वर्गात मुलाला ‘मानसिक’ म्हणून संबोधणे हा दुसरा आघात ठरतो. मारणे वा अपमान करणे तर शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नुसार निषिद्धच आहे. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती यांचा घरोघर वावर असल्याने मुलाबरोबर आईचीही चौकशी त्या सहज करू शकतात.

भगत किंवा देवर्षीकडे जाणाऱ्या कुटुंबाची टवाळी करून काही साधत नाही; जवळचा दुसरा मार्ग ठाऊक नसल्याने ते तिकडे वळलेले असते. परंतु भूत उतरविण्याच्या नावाखाली मुलाला बांधणे, मारणे किंवा मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाखाली गुन्हा आहे, याची जाणीव ग्रामसभेतून करून द्यावयास हवी.

सर्वांत मोठी गळती मात्र पहिल्या तपासणीनंतर होते. मूल एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी जाते. दुसऱ्या खेपेला एसटीचे भाडे व बुडणारी मजुरी आड येते आणि उपचार तुटतो. मग ‘औषधाने काही झाले नाही’ असा ग्रह गावभर पसरतो. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करावयाची असते. नियमांच्या चौकटीत यातून अशा कुटुंबांना कसे साहाय्य देता येईल, याचा विचार सदस्यांनी अवश्य करावा. तालुक्याच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांची भेट कोणत्या दिवशी असते, हे विचारून फलकावर लिहिणे यास तर काहीच खर्च लागत नाही.

तज्ज्ञांची संख्या गरजेच्या मानाने अपुरी आहे आणि ती एका वर्षात वाढणारी नाही. परंतु मुलातील बदल प्रथम ज्यांच्या दृष्टीस पडतो, ते तज्ज्ञ नसतातच. ते वर्गात, अंगणवाडीत आणि शेजारच्या ओटीवर असतात. त्यांनी वेळीच पाहिले आणि दुसऱ्या खेपेपर्यंत कुटुंबाची सोबत केली, तर शासनाच्या सेवा त्या मुलापर्यंत पोहोचतील.