मोटारीतील वाटाड्या

परक्या गावात शिरताना पहिल्या पानपट्टीपाशी गाडी उभी करून वाट विचारावयाची, हा आपल्याकडील प्रवासाचा जुना परिपाठ. आता त्या वाट सांगणाऱ्या माणसाची जागा मोटारीतील वीतभर पडद्याने घेतली आहे. 'पुढे दोनशे मीटरवर उजवीकडे वळा' असे तो म्हणतो आणि आपण वळतो. हा नवा वाटाड्या बहुधा बरोबर सांगतो. परंतु क्वचित चुकतो, आणि त्याच्या चुकीपायी माणसे प्राणांस मुकली आहेत. म्हणून त्याला काय कळते आणि काय कळत नाही, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. उपग्रह वरून आपल्या मोटारीकडे पाहत असतो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. उपग्रह केवळ बोलतो. ऐकण्याचे आणि हिशेब करण्याचे काम मोटारीतले यंत्र करते. आपण कोठे आहोत याची त्या उपग्रहाला गंधवार्ताही नसते.

हा हिशेब समजण्यासाठी पूर्वी सोलापुरात किंवा मुंबईत वाजत असलेले गिरण्यांचे भोंगे आठवावेत. समजा, तीन गिरण्यांचे भोंगे बरोबर सहाच्या ठोक्याला वाजतात, प्रत्येकाचा सूर निराळा आहे, आणि आपल्या हातात बिनचूक घड्याळ आहे. पहिल्याचा आवाज सहा वाजून तीन सेकंदांनी कानी आला. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तेव्हा ती गिरणी आपल्यापासून सुमारे एक किलोमीटरवर आहे. नकाशावर गिरणीभोवती तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर आपण त्या वर्तुळावर कोठेतरी असणार. दुसऱ्या भोंग्यावरून काढलेले वर्तुळ पहिल्याला दोन ठिकाणी छेदते. त्यांपैकी खरे ठिकाण कोणते, हे तिसरे वर्तुळ सांगते.

आता गिरण्यांच्या जागी उपग्रह आणि आवाजाच्या जागी रेडिओलहरी घेऊ. अमेरिकेच्या 'जीपीएस' या व्यवस्थेतील पहिला उपग्रह १९७८ साली सुटला आणि १९९५ साली ती व्यवस्था पूर्णत्वास गेली. तिचे तीसच्या आसपास उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत असतात. 'मी अमुक ठिकाणी आहे आणि आता इतके वाजले आहेत', हेच प्रत्येक उपग्रह अखंड सांगत असतो. हा संदेश सेकंदाच्या सुमारे पंधराव्या हिश्श्यात आपल्यापर्यंत पोचतो.

खरी अडचण येथेच आहे. भोंग्याच्या वेळी घड्याळ एक सेकंद चुकले, तर ३४० मीटरांचा फरक पडेल. येथे सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला, तरी ३०० मीटरांचा फरक पडतो. म्हणून उपग्रहांवर आणवी घड्याळे बसवितात. तेवढ्यानेही भागत नाही. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाप्रमाणे त्या उंचीवरचे आणि त्या वेगाने जाणारे घड्याळ जमिनीवरच्या घड्याळाच्या मानाने दररोज सेकंदाचे ३८ दशलक्षांश भाग पुढे जाते. ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात सुमारे ११ किलोमीटरांची चूक साचेल. घड्याळाचे महत्त्व आपल्या 'इस्रो'च्या अनुभवावरूनही कळते. भारताच्या स्वतःच्या स्थाननिश्चितीच्या मालिकेतील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सुटला. पुढे त्यावरची तिन्ही आणवी घड्याळे बंद पडली. उपग्रह आकाशात शाबूत होता. पण वेळ नेमकी सांगता येईना, म्हणून स्थान दाखविण्याच्या कामी तो निरुपयोगी ठरला.

मोटारीत मात्र आणवी घड्याळ कोठून असणार? तिच्यातले घड्याळ साधेच. ते चुकले की सर्व अंतरे सारख्याच प्रमाणात चुकतात आणि वर्तुळे एका बिंदूत मिळत नाहीत. ती मिळावीत म्हणून घड्याळ किती सरकवावे, हे शोधण्यासाठी चौथ्या उपग्रहाची साक्ष घ्यावी लागते.

इतके करून उघड्या आकाशाखाली सुमारे पाच मीटरांपर्यंतचे स्थान कळते. पण आकाश नेहमी उघडे नसते. शहरात लहरी उंच इमारतींवर आपटून वळसा घेऊन येतात. अंतर वाढल्याचा भास होतो आणि मोटार पडद्यावर शेजारच्या गल्लीत जाऊन बसते. बोगद्यात लहरी पोचतच नाहीत. तेथे चाकांच्या फेऱ्यांवरून आणि वळणांवरून अंदाज बांधावा लागतो. उड्डाणपुलावर आपण आहोत की त्याच्या खाली, याविषयी तर यंत्राचा वारंवार घोटाळा होतो. कारण उंचीचा हिशेब त्याला तितकासा साधत नाही.

येथवर यंत्राला केवळ 'मी कोठे' एवढेच कळले. 'वाट कोणती' याचे उत्तर उपग्रहाजवळ नाही. ते नकाशाजवळ आहे. यंत्राचा नकाशा म्हणजे चौक आणि त्यांना जोडणारे रस्ते यांची एक प्रचंड वही होय. प्रत्येक रस्त्याची लांबी, वेग, एकेरी की दुहेरी, हे तीत मांडलेले असते. अशा जाळ्यातून सर्वांत जवळची वाट शोधण्याची एक सुबक रीत डच गणिती डायक्स्ट्रा यांनी १९५६ साली शोधली आणि १९५९ साली प्रसिद्ध केली. आजची यंत्रे तिचेच सुधारलेले प्रकार वापरतात. हिशेब निर्दोष असतो. पण तो वहीतल्या रस्त्यांचा असतो, जमिनीवरच्या रस्त्यांचा नव्हे. वाहतुकीची ताजी बातमी प्रवाशांच्या फोनांवरून मिळते खरी. परंतु ज्या आडवाटेने कोणी जात नाही, तेथली बातमी कोण देणार?

हा भेद किती भयंकर ठरू शकतो, हे दोन घटनांवरून दिसेल. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात यंत्राने दाखविलेल्या वाटेने रात्री निघालेली एक मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि एक जण बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरील पुराने तुटलेल्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे गेले. पडद्यावर तो पूल शाबूत होता. दोन्ही ठिकाणी आकाशातल्या गणिताचा दोष नव्हता. पूल बुडाल्याची किंवा तुटल्याची बातमी वहीत नव्हती, आणि वाट अडविणारे पुरेसे अडसरही जागेवर नव्हते.

तेव्हा या यंत्राची हेटाळणी करावी असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्यामुळे परक्या शहरात मध्यरात्रीही रुग्णालयाचे दार सापडते, ते टाकाऊ कसे? परंतु पावसाळ्यात, रात्री, आडरस्त्याला आणि नदीनाल्यावर त्याच्या शब्दापेक्षा आपल्या डोळ्यांवर अधिक विश्वास ठेवावा. रस्ता अरुंद होत चालला, समोर पाणी दिसले, किंवा बराच वेळ एकही वाहन आढळले नाही, तर गाडी थांबवावी आणि भेटेल त्या गावकऱ्याला विचारावे. काल पूल वाहून गेला, ही गोष्ट त्याला आजच ठाऊक असते. पडद्याला ती कोणीतरी कळवावी लागते.