काळ्या गाडीवरचे कोळ्याचे जाळे

बूट चमकवायला शिकलो की वाटते, आता जगातली कुठलीही काळी वस्तू आपण चमकवू शकतो. मला तरी तसेच वाटायचे. नवीन आलेल्या कॅडेट्सना मी स्वतः दाखवायचो : आधी ब्रश, मग डबीतले पॉलिश, मग किंचित ओल्या कापसाने लहान लहान गोल. याच आत्मविश्वासापायी मी मामांची गाडी खराब केली आणि ती दुरुस्त कशी करतात हेही शिकलो. दोन्ही गोष्टी इथे सांगतो.

मार्च २०२४. बेंगळुरूत पाण्याची टंचाई होती. बोअरवेल आटल्या होत्या. पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आली होती आणि धुतल्यास ५,००० रुपये दंड होता. रविवारी आउटपासवर मामांकडे गेलो, तर त्यांची काळी गाडी धुळीने राखाडी झालेली. ही त्यांची पहिली गाडी, हप्ते अजून चालू आहेत. मामा दुपारी झोपले होते. मी कोरडे फडके घेतले आणि बुटासारखे गोल गोल घासून तासाभरात गाडी लख्ख केली. सावलीत ती सुंदर दिसत होती.

संध्याकाळी मामा मला शाळेत सोडायला निघाले. पेट्रोल पंपावरच्या दिव्याखाली बॉनेटवर कोळ्याचे जाळे पसरल्यासारखे बारीक ओरखडे दिसले. मामा म्हणाले, "हे त्या गाड्या पुसणाऱ्या अण्णांचंच काम. उद्यापासून येऊ नका म्हणून सांगतो त्यांना." मी गप्प बसलो असतो तर कोणालाच कळले नसते. शाळेच्या गेटपाशी उतरताना कसेबसे बोललो, "मामा, अण्णांनी नाही, मी केलंय ते." मामा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. मग नीटही तूच करायचं."

ओरखडे कशावर पडतात?

गाडीच्या पत्र्यावर रंगाचे थर असतात. खाली प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. हा वरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे हा थर बहुधा आपल्या केसापेक्षाही पातळ! कोरड्या फडक्याखाली धुळीचे कण रगडले गेले की ते याच थरावर चरे पाडतात.

हे चरे गोल दिसतात, म्हणून मला वाटले की मी गोल घासल्यामुळेच ते गोल आहेत. तसे नसते. मेसमधले जुने स्टीलचे ताट दिव्याखाली धरून पाहा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक वर्तुळे दिसतील. आता ताट थोडे सरकवा. वर्तुळेही प्रतिबिंबाबरोबर सरकतील! ताटावर चरे सगळ्या दिशांना असतात, पण जे चरे प्रकाश आपल्या डोळ्यांकडे परतवतात तेवढेच चमकतात, आणि ते दिव्याभोवती गोलाकार मांडल्यासारखे भासतात. त्यामुळे सरळ रेषेत पुसले तरी धूळ असेल तर जाळे पडणारच.

पांढऱ्या गाडीवरही असे चरे असतात. पण पांढरा रंग स्वतःच इतका प्रकाश परत फेकतो की त्यात चऱ्यांची चमक हरवून जाते. काळा रंग प्रकाश गिळतो, त्यामुळे प्रत्येक चरा उठून दिसतो.

काढायचे कसे?

जुलैमध्ये मामा मला त्यांच्या ओळखीच्या एका गॅरेजमध्ये घेऊन गेले. तिथल्या उस्तादांनी आधी नख फिरवायला सांगितले. ओरखड्यात नख अडकले तर तो खोल आहे, तो पॉलिशने जात नाही. आमच्या ओरखड्यांत अडकले नाही.

मग क्रम असा होता :

१. गाडी सावलीत, थंड असताना धुणे. दोन बादल्या : एक शाम्पूची, एक हातमोजा खळबळून माती काढण्याची.

२. रंगाला चिकटून बसलेले कण डिटेलिंगच्या चिकणमातीसारख्या गोळ्याने, भरपूर ओलावा ठेवून उचलणे.

३. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर आणि पत्र्याच्या कडांवर टेप लावणे. कडांवर थर पातळ असतो, तिथे रंग लवकर उडतो.

४. दीड फुटाच्या चौकोनात आधी चाचणी घेणे. मऊ फोमचा पॅड, त्यावर पॉलिशचे तीन-चार थेंब. मी जास्त ओतायला गेलो तर उस्ताद कन्नडमध्ये म्हणाले, "स्वल्प साकु." थोडे पुरे.

५. मशीन सुरू करून पॅड सपाट ठेवणे आणि सावकाश फिरवणे : आधी आडवे, मग उभे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवून. हे मशीन पॅडला गरगर फिरवता फिरवता हलवतेही, त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही.

६. मायक्रोफायबरने पुसून टॉर्चच्या उजेडात तपासणे. पॉलिशमधले तेल चऱ्यांत भरून ते झाकू शकते, म्हणून पातळ केलेल्या अल्कोहोलने पुसून पुन्हा पाहायचे. सौम्य पॉलिशने काम झाले नाही तरच जास्त कडक पॉलिश घ्यायचे.

७. शेवटी वॅक्सचा पातळ थर.

एका बॉनेटला जवळजवळ दोन तास लागले. टॉर्च लावली, तेव्हा जाळ्याच्या जागी एकच स्वच्छ ठिपका चमकत होता. दोन-तीन खोल रेघा राहिल्या. मला त्याही काढायच्या होत्या. उस्तादांनी मशीन बंद केले.

तेव्हा मला बूट आणि गाडी यांतला फरक कळला. बुटाला आपण मेण लावतो. ते चामड्याच्या बारीक खड्ड्यांत भरते, पृष्ठभाग सपाट होतो आणि चमकतो. रोज लावा, काही बिघडत नाही. गाडीचे पॉलिश मात्र उलटे काम करते. त्यात कठीण, सूक्ष्म कण असतात. ते चरे भरत नाहीत, तर चऱ्यांच्या आजूबाजूचा थर घासून त्यांच्या तळापर्यंत आणतात. प्रत्येक वेळी थोडा क्लिअर कोट कायमचा जातो आणि तो परत वाढत नाही. म्हणून सगळे चरे काढण्याचा हट्ट धरायचा नाही आणि मुळात नवे पाडायचे नाहीत.

अण्णा अजूनही त्याच इमारतीत गाड्या पुसतात. मामांनी त्यांना दुसरी बादली आणि चार मायक्रोफायबरची फडकी आणून दिली. पुढच्या आउटपासला मी त्यांना भेटून सॉरी म्हणालो. त्यांना काय झाले होते हे माहीतच नव्हते. सगळे ऐकून ते हसले आणि म्हणाले, "चला, एक बादली भरून आणा."