मेरी जेमिसनची वंशावळ

कोणत्याहि घराण्याची वंशावळ उलगडून पाहिली तर तींत स्त्रियांचीं नांवें क्वचितच आढळतात. आढळलीं तरी अमक्याची कन्या, तमक्याची पत्नी एवढ्यावर त्यांचा उल्लेख संपतो. अठराव्या शतकांत आयर्लंडांतून अमेरिकेंतील ब्रिटिश वसाहतींत गेलेल्या सामान्य कुटुंबांविषयीं तर विचारावयासच नको. अशाच एका कुटुंबांतील मुलीचा वंश मात्र आजतागायत सांगितला जातो, आणि तो तिच्याच नांवानें सांगितला जातो.

मेरी जेमिसन हिचा जन्म १७४३ च्या सुमारास भर समुद्रांत झाला. बाप थॉमस, आई जेन; आईचें माहेरचें आडनांव अर्विन. जॉन, थॉमस व बेट्सी या तीन मुलांना घेऊन हें जोडपें 'विल्यम अँड मेरी' या जहाजानें फिलाडेल्फियास निघालें होतें. वाटेंत मेरी झाली. पेनसिल्व्हानियांत, हल्लींच्या गेटिसबर्गजवळ, मार्श क्रीक नांवाच्या ओढ्याकांठीं त्यांनीं शेती केली आणि तेथें मॅथ्यू व रॉबर्ट हे आणखी दोन मुलगे झाले. आईबाप मूळचे आयर्लंडचे कीं स्कॉटलंडचे हें मेरीला म्हातारपणीं खात्रीनें सांगतां येईना; आयर्लंडचे असावेत एवढीच तिची समजूत होती. हा घोळ स्वाभाविकच आहे. उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतांत सतराव्या शतकांत स्कॉच लोकांची मोठी वसाहत झाली होती, आणि तेथून पुढें अमेरिकेस गेलेल्यांना दोन्ही नांवांनीं ओळखीत.

१७५८ च्या वसंत ऋतूंत इंग्रज-फ्रेंच युद्धाची झळ या वस्तीला पोंचली. फ्रेंच शिपाई व त्यांचे साथीदार शॉनी योद्धे यांनीं घरावर छापा घालून आईबाप, बेट्सी, मॅथ्यू, रॉबर्ट व मेरी यांना धरून नेलें. कोठारापाशीं असलेले जॉन व थॉमस तेवढे निसटले. पुढें एका मुक्कामावर मेरीच्या पायांतील जोडे काढून तेथल्या लोकांचीं मऊ कातड्याचीं पायताणें तिला घालण्यांत आलीं. आई काय तें समजली. ही एक मुलगी जगणार, बाकीचे उरणार नाहींत. तिनें मुलीला बजावलें कीं, स्वतःचें नांव आणि आईबापांचीं नांवें विसरूं नकोस, आपली भाषा विसरूं नकोस, शिकविलेल्या प्रार्थना म्हणत जा, आणि पळून जाण्याचा प्रयत्न करूं नकोस. त्यानंतर घरचीं माणसें मेरीला जिवंत दिसलीं नाहींत.

मेरीनें स्वतः हें साल १७५५ असें सांगितलें होतें आणि पुष्कळ ग्रंथांत तेंच उतरलें. परंतु इंग्रज सेनापति ब्रॅडॉक याचा पराभव १७५५ च्या जुलैंत झाला, आणि सरहद्दीवरील छाप्यांना ऊत आला तो त्यानंतर. उलट, तिला ज्या फोर्ट ड्यूकेन किल्ल्यावर नेलें तो फ्रेंचांनीं १७५८ च्या नोव्हेंबरांत सोडला. समकालीन कागदपत्रांवरूनहि १७५८ हेंच साल निश्चित होतें. ऐंशी वर्षांच्या स्मृतींत तीन वर्षांची चूक म्हणजे फार नव्हे.

किल्ल्यावर तिला दोन सेनेका बहिणींच्या स्वाधीन करण्यांत आलें. त्यांचा भाऊ लढाईंत पडला होता, आणि मृताच्या जागीं कैद्याला घरांत घेण्याची सेनेका लोकांत रीत होती. नदींत स्नान, नवीं वस्त्रें, मृतासाठीं शोक आणि त्यामागून आनंद, एवढा विधि झाला कीं मेरी त्यांची बहीण झाली. देहगेवानस हें तिचें नवें नांव. आपल्याकडील दत्तविधानाची येथें आठवण होते. परंतु सेनेका लोकांत कुळ चालतें तें आईकडून. मूल आईच्या कुळाचें. बाप कोणीहि असो. म्हणून मेरीचीं मुलें जन्मतःच पूर्ण सेनेका ठरणार होतीं.

बहिणी माया करीत, पण आपल्यासमोर इंग्रजी बोलूं देत नसत. मेरी एकांतांत प्रार्थना पुटपुटून भाषा जपूं लागली. नांवें तिनें निराळ्या रीतीनें जपलीं. शेनिंजी या डेलावेअर जमातीच्या तरुणाशीं तिचा विवाह झाला. पहिली मुलगी लगेच वारली; मुलगा झाला त्याला तिनें बापाचें नांव दिलें, थॉमस जेमिसन. शेनिंजीच्या मृत्यूनंतर हायोकाटू या सेनेका योद्ध्यापासून तिला चार मुली व दोन मुलगे झाले: जेन, नॅन्सी, बेट्सी, पॉली, जॉन व जेसी. जेन ही आई, बेट्सी ही बहीण, जॉन हा भाऊ. ताटातूट झालेल्या आप्तांचींच नांवें मुख्यतः ठेवलीं, असें तिनें सांगून ठेवलें आहे. मुलांना आडनांवहि जेमिसनच मिळालें. आयर्लंडच्या त्या शेतकऱ्याचें आडनांव सेनेका लोकांत गेलें तें असें लेकीकडून.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर तिला परत जाण्याची मोकळीक मिळाली. ती गेली नाहीं. नातलग सांपडले तरी ते या मुलांचा तिरस्कार करतील, त्यांना शत्रु मानतील, हें भय तिला वाटलें. आणि ज्यांचीं नांवें मुलांना दिलीं त्यांच्या घरीं तीं मुलें नेण्याचें धैर्य तिला झालें नाहीं. १७९७ च्या बिग ट्री येथील तहांत जेनेसी नदीकांठची सुमारें १८,००० एकर जमीन तिच्या नांवानें राखण्यांत आली. पण सुख लाभलें नाहीं. जॉननें १८११ त थॉमसचा व १८१२ त जेसीचा खून केला, आणि १८१७ त जॉनहि मारला गेला. तिन्ही प्रसंगीं दारूचा हात होता.

१८२३ च्या नोव्हेंबरांत जेम्स सीव्हर यानें तिची हकीकत तिच्याच तोंडून लिहून घेतली. पुढच्या वर्षीं ती पुस्तकरूपानें निघाली. त्या वेळीं आठांपैकीं तीन अपत्यें हयात होतीं, तिन्ही मुलीच. नातवंडें ३९ व पणतवंडें १४. मुलींच्या वंशांत पुढें शाँगो असें आडनांवहि आढळतें, तेव्हां नुसत्या जेमिसन आडनांवावरून शोध घेणारा निम्म्या वंशाला मुकतो. १८३३ त बफेलो क्रीक येथें ती वारली. १८७४ त तिच्या अस्थि जेनेसी नदीकांठीं आणण्यांत आल्या. त्या वेळीं नातू जेम्स शाँगो हजर होता. १९१० त तेथें तिचा ब्राँझचा पुतळा उभारला. ओहायोकडून जेनेसीपर्यंत चालत आलेली ती तरुण आई त्यांत दाखविली आहे. पाठीवर लहानगा थॉमस आहे.