जुनी वही फाडण्यापूर्वी

सरकारी कचेरीत टेबल बदलले की पहिला नियम एकच असतो. जुन्या कारकुनाने चार्ज द्यायचा, नव्याने घ्यायचा. फायली किती, रजिस्टरे किती, कोणत्या कपाटाची किल्ली कोणाकडे, याची यादी होते. दोघांच्या सह्या होतात आणि मगच जुना कारकून खुर्ची सोडतो. वाणिज्य शाखेत आम्ही हेच दुसऱ्या शब्दांत शिकलो. गेल्या वर्षाची अखेरची शिल्लक नव्या वर्षाच्या वहीत जशीच्या तशी ओढायची. एका रुपयाचा फरक पडला तरी वही पुढे सरकत नाही.

हा साधा नियम आम्ही मंडळाच्या वेबसाइटच्या बाबतीत विसरलो. त्याची काय किंमत मोजली, ते वाचकांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे. आज गावोगावच्या मंडळांना, अभ्यासिकांना, शाळांना, पतसंस्थांना वेबसाइट आहेत. त्या आपल्याच वर्गणीतून उभ्या राहिल्या आहेत. म्हणून हा विषय संगणकवाल्या पोरांचा आहे असे म्हणून कोणीही पान उलटू नये.

सतरा आठवणी

२००९ साली वस्तीतल्या एका होतकरू मुलाने एक पैसा न घेता आमची वेबसाइट बनवली. वाचनालयाची पुस्तकांची यादी, वार्षिक जमाखर्च, शिष्यवृत्तीची माहिती असे सारे तिच्यावर होते. पण खरे धन वेगळेच होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला गेलेल्या आमच्या भागातील सतरा म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आम्ही घरोघर फिरून लिहून घेतल्या होत्या. कोणी भाकरी बांधून निघाली होती, कोणी गळ्यातली पोत मोडून गाडीभाडे केले होते. कागदावरून मजकूर वेबसाइटवर चढला आणि आम्ही निर्धास्त झालो. कागद कुठे गेले, कोणी विचारले नाही.

ती वेबसाइट जूमला १.५ या प्रणालीवर होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेबसाइटवर मजकूर चढवणे, बदलणे, लावून ठेवणे यासाठी जो प्रोग्रॅम वापरतात त्याला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम, थोडक्यात सीएमएस म्हणतात. जूमला, ड्रुपल, वर्डप्रेस ही त्यांची नावे. या प्रोग्रॅमलाही वय असते. बनवणारे लोक काही वर्षे त्यातली भोके बुजवत राहतात, मग थांबतात. जूमला १.५ चे बुजवणे २०१२ सालीच थांबले. ड्रुपल ७ चे ५ जानेवारी २०२५ रोजी थांबले. त्यानंतर अशी वेबसाइट म्हणजे कुलूप नसलेले घर.

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्या वेबसाइटवर जुगाराची जाहिरात दिसू लागली. कार्यकर्ते लाजले, संतापले. एका रात्रीत नवी वेबसाइट उभी करायचे ठरले. दुसऱ्या एका मुलाने जुन्या जागेवरच नवी प्रणाली बसवली. सकाळी पाहतो तर रूप देखणे, पण आठवणींच्या पानांवर अक्षरांऐवजी नुसती प्रश्नचिन्हे! जुना डेटाबेस एक लिपीसंकेत मानत होता, नवा दुसरा. दोघांची गाठ न घालता मजकूर ओतला गेला. एकदा प्रश्नचिन्ह पडले की मूळ अक्षर परत येत नाही. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. यादी मागणारे आणि सही घेणारे आम्हीच झोपलो होतो.

पुढे शोधाशोध झाली. अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरच्या वेबसाइटच्या नकला जतन करते. तिच्या वेबॅक मशीनवर आमच्या अकरा आठवणी सापडल्या. तीन आठवणी एका कार्यकर्तीच्या जुन्या वहीत निघाल्या. तीन गेल्या त्या गेल्याच. ती तिन्ही माणसे तोवर हयात नव्हती. त्यांच्या नातवंडांना आम्ही काय तोंड दाखवावे?

ताम्रपट टिकला, अक्षर का टिकले?

आमच्याच वाशिमचे उदाहरण घ्या. हे शहर म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. याच शाखेच्या हरिषेण राजाच्या प्रधानाने, वराहदेवाने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून दिले. त्याच घराण्यातील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशिमला सापडला, तो १९३९ साली. दीड हजारांहून अधिक वर्षे तांबे मातीत टिकले. पण नुसते तांबे टिकून भागत नाही. ते अक्षर वाचणारा हवा. सम्राट अशोकाचे शिलालेख शेकडो वर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर उभे होते, तरी ते कोणाला वाचता येत नव्हते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा ते दगड बोलू लागले.

जुन्या मराठी वेबसाइटचे असेच आहे. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. सुदैवाने हा कचरा प्रश्नचिन्हांसारखा मेलेला नसतो, त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. पण यंत्राच्या भरवशावर राहू नये. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप करतात, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. वेलांटी आणि रफार नेमके तिथेच चुकतात. डोळ्यांनी वाचून तपासणे हाच उपाय.

मोठ्यांचेही घर बुडते

हे फक्त आमच्यासारख्या गरीब मंडळाचेच होते असे नाही. मायस्पेस ही एके काळची जगातली बडी वेबसाइट. मजकूर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना लोकांनी बारा वर्षांत चढवलेली कोट्यवधी गाणी गेली, असे २०१९ साली उघड झाले. पैसा होता, माणसे होती. जुळवणी मात्र झाली नव्हती.

उलट बाजूही पाहावी. आपल्या जिल्ह्याच्या सरकारी वेबसाइटचा पत्ता पूर्वी वाशिम डॉट एनआयसी डॉट इन असा होता. आज ती वाशिम डॉट जीओव्ही डॉट इन या पत्त्यावर आहे आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एसथ्रीवास या समाईक चौकटीवर चालते. अनेक जिल्ह्यांसाठी साचा एक, सुरक्षेची काळजी एका ठिकाणी, मजकूर ज्या त्या जिल्ह्याचा, अशी ती व्यवस्था. नोकरभरतीच्या जाहिराती, दाखल्यांची माहिती, योजना हे सारे गरिबाच्या पोराला तिथेच पाहायचे असते. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार ही माहिती आपण होऊन जाहीर करणे कार्यालयांवर बंधनकारक आहे. म्हणून वेबसाइट हलते तेव्हा एक पानही हरवता कामा नये. हरवले तर कोणाची तरी अर्जाची तारीख हुकते.

दुसऱ्या वेळी आम्ही काय केले?

कार्यकर्त्यांनी हे कात्रण काढून ठेवावे.

पहिली गोष्ट मोजदाद. किती पाने, किती फोटो, किती पीडीएफ, प्रत्येकाचा पत्ता काय, याची तेरीज एका तक्त्यात मांडली.

दुसरी गोष्ट नक्कल. वेबसाइटच्या फायली वेगळ्या आणि डेटाबेस वेगळा असतो. दोन्हींचा बॅकअप घेतला आणि तो तीन ठिकाणी ठेवला, त्यातले एक ठिकाण गावाबाहेरचे. तो दुसऱ्या संगणकावर उघडूनही पाहिला. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक.

तिसरी गोष्ट स्वच्छता. जुन्या वेबसाइटमध्ये चोर शिरला होता. म्हणून तिचे प्रोग्रॅम नव्या घरात नेले नाहीत, फक्त मजकूर आणि फोटो नेले. फोटोंच्या फोल्डरमध्ये पीएचपीची एखादी फाइल लपली आहे का, तेही पाहिले.

चौथी गोष्ट, नवे घर वेगळ्या जागी बांधले. ते पुरे होईपर्यंत जुन्याला हात लावला नाही. हलवण्याच्या आठवड्यात नवा मजकूर चढवणे बंद ठेवले, म्हणजे दोन वह्यांत दोन शिल्लका होत नाहीत.

पाचवी गोष्ट पत्ते. घर बदलल्यावर आपण पोस्टात नवा पत्ता देतो, तसे वेबसाइटलाही सांगता येते. त्याला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. जुन्या पत्त्यावर आलेला वाचक आपोआप नव्या पानावर जातो. प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता लिहिला. हे न केल्यास लोकांनी जपून ठेवलेल्या साऱ्या लिंका मरतात.

सहावी गोष्ट ताळा. पाने मोजली, बेरीज जुळवली. मग वाचनालयातल्या मुलींनी प्रत्येक आठवण मोठ्याने वाचली आणि साध्या स्वस्त मोबाइलवर उघडून पाहिली. त्यानंतरच डोमेन नव्या जागेकडे वळवले. हा बदल सगळीकडे पोहोचायला एक-दोन दिवस लागू शकतात. जुन्या जागेचे भाडे आम्ही आणखी तीन महिने भरले. काहींना ती उधळपट्टी वाटली. आम्हाला ती विमा वाटली.

सातवी गोष्ट किल्ली. आमचे डोमेन त्या पहिल्या मुलाच्या ईमेलवर होते आणि तो नोकरीनिमित्त पुण्याला गेला होता. भला म्हणून त्याने लगेच सोपवले. नसता तर? आता डोमेन मंडळाच्या नावावर आहे, पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे आहे. नूतनीकरणाची तारीख आणि प्रणाली अद्ययावत करण्याचा दिवस ठरावाच्या वहीत लिहिलेला आहे. पदाधिकारी बदलले की चार्ज-यादीवर सही होते.

शेवटी एक गोष्ट अशी केली की तिला संगणक लागत नाही. वाचलेल्या चौदा आठवणींच्या छापील प्रती काढून वाचनालयात बांधून ठेवल्या. ज्या तीन गेल्या, त्यांच्यासाठी तीन कोरी पाने त्या बांधणीत मुद्दाम सोडली आहेत. वर त्या माणसांची नावे आहेत. परवा त्यांतल्या एकाची नात आली, पान पाहिले आणि म्हणाली, "काका, आजीनं मला थोडं सांगितलं होतं. आठवेल तेवढं मी लिहून देते."

आम्ही तिला पेन दिला. त्याच संध्याकाळी त्या पानाचा फोटो काढून बॅकअपमध्येही ठेवला.